यात काय ठेवणार?

ईव्ह मार नावाचा एक फ्रेंच माणूस १९९४ च्या सुमाराला एक बार्ज घेऊन बांगलादेशात पोचला. बार्ज म्हणजे नदी-कालव्यांतून वाळू, कोळसा, धान्य वाहणारी लांबुळकी, सपाट तळाची नाव. खोल समुद्रात घालावी अशी ती वस्तूच नव्हे. तरी त्यानं ती फ्रान्सहून बंगालच्या उपसागरापर्यंत आणली, ती कुणा गरजवंताच्या कामी यावी म्हणून देऊन टाकायला. घेणारा मात्र मिळेना. एवढं मोठं धूड सांभाळायचं कुणी, त्यावर माणसं कुठून आणायची, आणि मुळात त्याचं करायचं काय? नाव काही वर्षं नुसती उभी राहिली.

या सगळ्या हकिगतीत मला ही मधली, उभं राहण्याची वर्षं सर्वांत ओळखीची वाटतात. माझं माहेर कोकणातल्या वाघोटन खाडीच्या काठचं. टाकवत नाही आणि वापरवतही नाही अशा वस्तूंनी आमच्या माळ्याचा निम्मा भाग कायम भरलेला असे. आजोबांची जाळी विणायची सुई, कुणाचा तरी कंदील, फुटक्या तळाची घागर. प्रत्येकीवर कुणाची तरी माया होती आणि प्रत्येकीवर धूळ होती.

त्या बार्जचं नशीब पालटलं ते रूना खान यांच्यामुळे. मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या या बाईंनी तिचा दवाखाना करायचं ठरवलं. त्यातून ‘फ्रेंडशिप’ ही संस्था उभी राहिली आणि २००२ मध्ये बांगलादेशच्या उत्तरेला, यमुनेच्या पात्रात तो तरंगता दवाखाना रुग्ण तपासू लागला. ही यमुना म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेचंच पुढचं पात्र. हिच्यात गाळाची बेटं तयार होतात, त्यांना चर म्हणतात. आज वर आलेला चर दहा-पंधरा वर्षांत नदी कापून नेते आणि चार मैलांवर नवा टाकते. लाखो लोक या बेटांवर राहतात. घरं पत्र्याची आणि तट्ट्यांची, कारण ती सोडवून नावेत घालता आली पाहिजेत. एकाच आयुष्यात कित्येकदा घर हलवलेली माणसं तिथे सहज भेटतात.

अशा ठिकाणी पक्का दवाखाना बांधायचा कुठे? भिंत उभी राहीपर्यंत जमीनच जायची. आणि जमीन टिकली तरी एका बेटावरचा दवाखाना शेजारच्या बेटाच्या काय कामाचा? बाळंतीण अडली, तर कोरड्या दिवसांत आधी वाळवंट तुडवायचं, मग नाव, मग पुन्हा चालणं, मग रिक्षा. तिथे दवाखान्यानंच फिरायला हवं. आणि इथे त्या बार्जचा दोष म्हणून मोजला गेलेला सपाट तळ कामी आला. खोल बुडाचं जहाज जिथे रुतून बसेल तिथपर्यंत ती जाते, एका चराला लागून काही आठवडे थांबते, मग पुढच्या चराकडे निघते. मोतीबिंदूची, दुभंगलेल्या ओठांची ऑपरेशनं तिच्यावर होतात. देशोदेशीचे सर्जन येऊन जातात.

डॉक्टरांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण माझं लक्ष जातं ते तळाकडे. दवाखाना पाण्यावर असेल तर त्याचा पाया म्हणजे त्याचं बूड. ते गळलं तर सर्जनचा हात कितीही कुशल असो, काय उपयोग? गोदीत उतरून गंज खरवडणारा, पत्रा जोडणारा, फटी बुजवणारा माणूस हा मला त्या दवाखान्याचाच कर्मचारी वाटतो. रोग्यांच्या रजिस्टरात त्याचं नाव नसतं एवढंच.

रूना खान यांना हे फार आधी उमगलेलं असावं. कारण दवाखान्याच्या जोडीनं त्यांनी दुसरंही एक काम हाती घेतलं, नावा बांधणाऱ्या मिस्त्रींचं. बंगालमध्ये नदीगणिक नावेची जात वेगळी. मालार, पानशी, बजरा, कोशा, सांपान, बालाम. ऐंशीच्या दशकात शेतीच्या पंपाची डिझेल इंजिनं नावांवर बसू लागली आणि शिडं पाहता पाहता गेली. मग लाकूड महागलं, पत्र्याच्या नावा आल्या. ज्यांना शिडाची नाव बांधता येत होती त्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताला काम उरलं नाही. नकाशा वगैरे काही नाही, सगळं डोक्यात. मिस्त्री गेला की नावेची ती जातच गेली. तेव्हा या मिस्त्रींना बोलावून त्यांच्याकडून जुन्या नावांच्या मापशीर छोट्या प्रतिकृती करून घेतल्या गेल्या, खऱ्या नावेत असते ती जोडणी न् जोडणी जशीच्या तशी ठेवून. २००६ साली रूना खान यांना रोलेक्सचा पुरस्कार मिळाला तो या कामासाठी.

त्या जोडणीबद्दल थोडं सांगायलाच हवं. आधी सांगाडा आणि मग त्यावर फळ्या, असं ते करत नाहीत. आधी फळीला फळी भिडवत नावेची सालच उभी करायची, आडवे वाके, म्हणजे नावेच्या फासळ्या, मागाहून. फळीवर फळी चढवायचीही नाही. कडेला कड अशी भिडली पाहिजे की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. मग दोन्ही फळ्यांत मिळून, सांध्यावर आडवी, चपट्या लोखंडाची वाकवलेली पट्टी ठोकायची, जवळजवळ, ओळीनं. जखमेला टाके घालावेत तसे हे टाके नावेच्या अंगावर दिसतात, आणि पुढे कित्येक वर्षं पाण्याचा दाब ते धरून ठेवतात.

महाराष्ट्रात चर नाहीत, पण पाण्यानं तोडलेली गावं आहेत. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराचं पाणी सातपुड्याच्या घळींत शिरलं आणि अक्कलकुवा, धडगाव भागातले नर्मदाकाठचे पाडे एकमेकांपासून तुटले. कालपर्यंत पायवाटेनं शेजारी असलेलं गाव पाण्यापलीकडचं झालं. तिथे तरंगता दवाखाना आला तो यामुळे. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत लोक अंगणवाडीपर्यंत यायला घाबरू लागले, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि पोषण आहार, वजनकाटा घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. अठरा किलोमीटर. २०२० च्या एप्रिलपासून, आठवड्यातले पाच दिवस. त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. मी ते पाहत असताना माझी नजर पुन्हा त्या होडीवरच जात होती. कुणी तासली असेल ती? डांबर कधी फासलं होतं? आसामातही ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर २००५ पासून बोटींवरचे दवाखाने फिरतात, आणि अशी प्रत्येक बोट कुठल्या ना कुठल्या काठावर कारागिरांच्या हाताखालून गेलेली असते. नव्या बोटीच्या उद्घाटनाला फीत कापली जाते. तिच्या दरसालच्या डागडुजीसाठी पैसे बाजूला काढलेले असतील आणि ती करणारा माणूस हाताशी असेल, तरच त्या फितीला अर्थ.

माझी आई नर्स होती. सत्तरच्या दशकात आमच्या खाडीकाठच्या गावांना पूल नव्हता. या काठावरून त्या काठाला जायला तर, म्हणजे माणसं पार करणारी होडी, धरायची, आणि सुकती असली की तर काठाला लागत नसे. मग चिखलातून गुडघ्याएवढ्या पाण्यात जायचं, नाहीतर भरतीची वाट बघायची. बाळंतपणाला भरती-ओहोटी कळत नाही. रात्री पलीकडून कुणी बत्ती हलवली की आई उठायची, आणि तिच्याबरोबर तिची पेटी उठायची. हात-सव्वा हात लांब, पितळी कोपऱ्यांची लाकडी पेटी. आत कप्पे. त्यांत उकळायच्या सिरिंजचा स्टीलचा डबा, कापूस, बोरिक पावडर, नाळ बांधायचा दोरा, जेंशन व्हायोलेटची बाटली. तरीच्या तळाशी नेहमी साचलेल्या पाण्यात ती पेटी कितीदा बसली असेल! आई निवृत्त झाली, पूल झाला, पेटी माळ्यावर गेली. आई गेल्यावर मी ती खाली काढली तेव्हा बूड हातात भुगा होऊन आलं.

ती घेऊन मी ज्या मेस्त्रींकडे गेले ते होड्यांचं काम करणारे. विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावात मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली जुनी गोदी आहे, तिच्यापासून फार लांब नाही त्यांची शाकारलेली मांगर. फर्निचरवाल्याकडे जायचं माझ्या मनात आलं नाही, कारण या पेटीचं दुखणं खाऱ्या पाण्याचं होतं. मेस्त्रींनी पेटी उलटी केली, नखानं लाकूड दाबून पाहिलं, वास घेतला.

“फणसाची आसा गो. बूड तेवढा गेला, वरचा लाकूड अजून खूप जायत. आता हीत काय ठेवतलंस?”

“काय नाय. आवशीची आठवण म्हणान दिसात थंय ठेवतलंय.”

“मगे बूड कित्याक व्हया?”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरोखरच ते ठरवायचं होतं. नुसती दिसायची असेल तर खालून प्लायवूडचा तुकडा ठोकला की झालं, माझे पैसे वाचतील. काही ठेवायचं असेल तर ते काय, किती वजनाचं, ओलं की सुकं, उचलून न्यायची की एका जागी राहणार, यावर बुडाची जाडी, खिळ्यांची जात, तेलाचे हात, सगळं अवलंबून. वस्तूवरची माझी माया त्यांना दिसत होती, तिच्याबद्दल आदरही होता. पण नुसत्या मायेवरून फळी किती जाड घ्यायची हे त्यांना कळणार कसं?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी घरी आले, वहिनीशी बोलले. वहिनी आमच्या वाडीची आशा सेविका. ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, वजनाची झोळी, नोंदवह्या हे सगळं ती पत्र्याच्या डब्यात आणि पिशव्यांत ठेवायची आणि पावसाळ्यात दमटपणाशी झगडायची. “माका दिशात तर मी वापरीन,” ती म्हणाली. एवढं साधं होतं ते.

मग मेस्त्रींचं काम मी बसून पाहिलं. चारही बाजूंची खालची दोन बोटं कुजकी पट्टी त्यांनी करवतीनं सरळ काढून टाकली. पेटी तेवढी बुटकी झाली. मोडलेल्या होडीची एक फणसाची फळी कोपऱ्यात होती, तिच्यातून नवं बूड काढलं. रंधा मारताना वरचा काळा थर गेला आणि आतून पिवळंधमक लाकूड आलं. गिरमिटानं आधी भोकं पाडून तांब्याचे खिळे घातले, लोखंड दमट हवेत फुगून फणसाला चीर पाडतं म्हणून. सांध्यात कापसाची वळलेली वात पटाशीच्या बोथट अंगानं ठासली. मग उंडीचं तेल, एक हात, दोन दिवस वाळवण, पुन्हा एक हात. बिजागऱ्या चिंचेनं घासल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला जेंशन व्हायोलेटचा तळहाताएवढा जांभळा डाग होता. रंधा तिथे आणून ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. डाग राहिला. ज्याला काय काढायचं हे कळतं त्यालाच काय ठेवायचं हे कळतं, हे मी त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं आणि मला आईची फार आठवण आली. जखम धुताना तिचा हात असाच थांबायचा.

पेटीचं काम पाहत असताना एका मोठ्या जहाजाची आठवण मनात येत होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं ‘रेनबो वॉरियर’. या नावाचं पहिलं जहाज १९८५ च्या मे महिन्यात प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर गेलं होतं, रोंगेलाप नावाच्या प्रवाळबेटावर. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख रोंगेलापवर पडली. माणसांना तिथून हलवलं गेलं आणि १९५७ मध्ये ‘आता धोका नाही’ म्हणून परत आणून सोडलं. पुढची वर्षं थायरॉइडच्या गाठींची, वाया गेलेल्या गर्भारपणांची. तपासायला डॉक्टर येत. तपासत आणि जात. शेवटी बेटावरच्या माणसांनीच बेट सोडायचं ठरवलं आणि या जहाजाला साद घातली. सुमारे तीनशे माणसं, अनेक फेऱ्या. त्यांनी आपली घरं सोडवून घेतली होती. वासे, फळ्या, पत्रे, सगळं जहाजावर चढवलं आणि मेजाटो नावाच्या बेटावर नेऊन पुन्हा उभं केलं. यमुनेच्या चरांवरची माणसं करतात तसंच.

दोन महिने गेले नाहीत तोच, १० जुलै १९८५ च्या रात्री, ऑकलंड बंदरात फ्रेंच गुप्तहेरांनी सुरुंग लावून ते जहाज बुडवलं. फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार त्यात गेला. त्यानंच रोंगेलापच्या स्थलांतराचे फोटो काढले होते.

दुसरं ‘रेनबो वॉरियर’ जन्माला आलं ते जुन्या सांगाड्यातून. १९५७ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला बांधलेलं, उत्तर समुद्रात मासेमारी केलेलं एक जहाज घेतलं, हँबर्गच्या गोदीत त्याच्यावर तीन डोलकाठ्या उभ्या केल्या आणि १० जुलै १९८९ रोजी, पहिलं जहाज बुडवल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, ते पाण्यात सोडलं. बावीस वर्षं ते चाललं. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेच्या किनाऱ्यावर डॉक्टरांची पथकं आणि औषधं त्यानं वाहिली. आणि ऑगस्ट २०११ मध्ये, सिंगापूर बंदरात, ते ‘फ्रेंडशिप’च्या हाती सोपवलं गेलं.

अशा जहाजाचं संग्रहालय करता आलं असतं. जगभरातून लोक पाहायला आले असते, मीही गेले असते. जिवाची बाजी लावून ज्यावर माणसं वावरली, ती फळी जपावीशी वाटण्यात काहीच गैर नाही. पण देणाऱ्यांना ‘यात काय ठेवणार’ याचं उत्तर मिळालं होतं. ‘रोंगधोनू’ या नावानं, म्हणजे आपलं जुनं नाव बंगालीत घेऊन, ते बांगलादेशच्या दक्षिणेकडच्या किनारी पट्ट्यात दवाखाना म्हणून काम करू लागलं. तिथलं दुखणं उत्तरेपेक्षा निराळं. चक्रीवादळं येतात, जमिनीत खारं पाणी शिरतं, प्यायला गोडं पाणी नाही. त्याच भागात, सातखीरा जिल्ह्यातल्या श्यामनगरला, संस्थेनं पुढे ऐंशी खाटांचं पक्कं रुग्णालय बांधलं. वास्तुकार काशेफ चौधुरी. भाजक्या विटांची इमारत, मधून नागमोडी जाणारा कालवा, आणि त्यात पावसाचं पाणी साठवण्याची सोय. त्याला ‘रिबा’ या ब्रिटिश वास्तुकारांच्या संस्थेचा २०२१ चा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जमीन टिकणार असेल तिथे इमारत आणि टिकणार नसेल तिथे नाव, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

रोंगधोनूची गोष्ट इथे संपवता आली असती तर बरं वाटलं असतं. पण २०१८ मध्ये साठी ओलांडलेलं ते जहाज थकलं आणि बांगलादेशातच मोडीत निघालं. चट्टग्रामजवळ सीताकुंडच्या किनाऱ्यावर मोठी जहाजं भरतीच्या वेळी वाळूवर चढवतात आणि माणसं गॅस कटरनं ती कापतात. पोलादाबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस निघतं, विषारी रंग निघतात, टाक्यांत अडकलेला वायू पेटतो. या पद्धतीविरुद्ध ग्रीनपीसनं वर्षानुवर्षं आवाज उठवला होता. म्हणून हे जहाज त्याच देशात तोडायला संमती दिल्यावर पर्यावरणवाल्यांनी जाब विचारला, आणि आपण आपल्याच तत्त्वांना धरून वागलो नाही हे ग्रीनपीसनं जाहीरपणे मान्य केलं.

मला या प्रसंगाचं वाईट वाटतं ते जहाज गेलं म्हणून नाही. लाकूड असो की पोलाद, त्याला शेवट आहे. मेस्त्रीही कधी कधी होडीवर हात ठेवून ‘आता नको’ म्हणतात, आणि मग तिची फळी न् फळी नीट सोडवून बाजूला लावतात, जशी माझ्या पेटीच्या वाट्याला आलेली ती फळी. वस्तू सोडवणं हेही कसबाचंच काम आहे, आणि करणाऱ्याच्या छातीत विष न जाता ते झालं पाहिजे. सीताकुंडच्या किनाऱ्यावर जहाजं कापणारे पुष्कळ मजूर उत्तर बांगलादेशातून येतात. बोगुरा जिल्ह्यातून, यमुनाकाठच्या चंदनबाइशासारख्या गावांतून, जिथे नदीनं शेतं आणि घरं नेली. ज्या नदीवर ती बार्ज रोगी तपासत फिरते, तीच ही नदी. आईचा मोतीबिंदू तरंगत्या दवाखान्यात काढलेला आणि मुलगा शेकडो किलोमीटर खाली हातमोज्यांशिवाय जहाज कापतोय, असं एकाच घरात घडू शकतं.

जहाजं सुरक्षितपणे मोडण्यासाठीचा हाँगकाँग करार २००९ चा. भारतानं तो २०१९ मध्ये स्वीकारला, बांगलादेशनं २०२३ मध्ये, आणि २६ जून २०२५ पासून तो लागू झाला आहे. गुजरातेत जहाजं मोडतात त्या अलंगला आणि सीताकुंडला त्याची अंमलबजावणी किती होते, तिथल्या मजुरांची छाती दरवर्षी कोण तपासतं, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, याची चौकशी आता नेटानं व्हायला हवी.